432 चा ताप आणि एकोणीस खाचा

मागच्या रविवारी भाचा आला तो काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली पट्टी घेऊनच. "मामा, गिटारीचा फिंगरबोर्ड झाला. खाचा पण पाडल्या, एकोणीसच्या एकोणीस." शिसमाची पट्टी, रंधा छान मारलेला, खाचा सरळ. पोराचा हात बसलाय, म्हणून बरं वाटलं. सवयीने स्टीलची पट्टी लावली. नटाच्या (मानेच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीच्या) कडेपासून बाराव्या खाचेपर्यंत 319 मिलिमीटर. चष्मा पुसून परत लावली, तरी 319च.

आमच्या नकाशात 325 आहे. तारेची लांबी 650 आणि बारावा फ्रेट (खाचेत बसते ती धातूची आडवी पट्टी) बरोबर निम्म्यावर, हे मी त्याला दिवाळीपासून चार वेळा सांगितलंय.

"चुकलं नाही मामा, मुद्दाम केलंय. 432 साठी."

आणि मग फोन काढून तो मेसेज दाखवला. मला तो आधीच तीन ठिकाणांहून आला होता: आमच्या कारखान्याच्या ग्रुपवर, भजनी मंडळाच्या ग्रुपवर, आणि घरच्या ग्रुपवर खुद्द ताईकडून, वर हात जोडलेले दोन इमोजी. "घरी गिटार बनवणाऱ्यांनो, कंपन्या लपवतात ती 6 सत्यं." मी न वाचताच पुढे सरकलो होतो. चूक माझीच.

मी सोलापुरात अक्कलकोट रोडला यंत्रमाग दुरुस्त करतो. संध्याकाळी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये वाद्यं करतो. आजवर पाच गिटारी, एक युकुलेले, आणि एक तानपुरा, ज्याच्याविषयी न बोललेलं बरं. म्हणजे मी कुणी मोठा कारागीर नाही. पण या मेसेजला उत्तर द्यायला मोठा कारागीर लागत नाही, फूटपट्टी पुरते.

त्यातलं पहिलं आणि सर्वांत लाडकं सत्य असं: निसर्गाचा सूर 432 हर्ट्झ, 440 हा (आज जगभर वाद्यं ज्यावर जुळवतात तो) हिटलरच्या प्रचारमंत्र्याने जगावर लादला, माणसं चिडचिडी व्हावीत म्हणून, आपल्या ऋषींचा सूर 432 होता, म्हणून गिटार 432 साठीच 'बनवा', त्यासाठी फ्रेटचं प्रत्येक माप 432 भागिले 440 ने गुणा. खाली तयार तक्ता. भाच्याने तोच तक्ता वापरला.

आधी तक्ता बघू, कारण करवत त्याच्यावरून चाललीय.

फ्रेटचा हिशोब असा असतो. तारेच्या लांबीला 17.817 ने भागा, तेवढ्यावर पहिला फ्रेट. 650 ला भागले की 36.48 येतात. उरली 613.52, तिला परत 17.817 ने भागा, दुसरा फ्रेट त्याच्या पुढे 34.43 वर. असंच शेवटपर्यंत. बाराव्याला लांबी बरोबर निम्मी होते आणि वरच्या सप्तकाचा तोच स्वर मिळतो. या सगळ्यात हर्ट्झ कुठे आला? कुठेच नाही. फ्रेट म्हणजे वाटा, हिस्सा. आपली कडक भाकरी ज्वारीची असो की बाजरीची, मधोमध मोडली की अर्धीच. खुंट्या सैल करून सहाही तारा 432 च्या हिशोबाने उतरवल्या तरी फ्रेट जिथे आहेत तिथेच बरोबर असतात. 440 ची गिटार आणि 432 ची गिटार यांत फरक फक्त खुंटीच्या पिळाचा, ज्याला दोन मिनिटं लागतात.

आता गंमत बघा. समजा, एखाद्याने हट्टच धरला की खुंटीला हात न लावता, ताण तोच ठेवून, लाकडातूनच सूर उतरवायचा. तर तार लांब करावी लागेल: 650 ची 662. या मेसेजवाल्या गृहस्थाने मापं कमी केली. तार आखूड केली की सूर चढतो. गिटारीवर बोट ठेवून आपण दुसरं काय करतो? म्हणजे ज्या 440 पासून मानवजातीला वाचवायचं होतं, तिला हा तक्ता त्याच्याही वर घेऊन निघालाय.

आणि ब्रिज, म्हणजे पेटीवर तारा जिथे टेकतात ती पट्टी, 650 वरच ठेवला असता तर काय झालं असतं, हेही काढून पाहिलं. पहिल्या दोन-तीन फ्रेटवर कळलंसुद्धा नसतं. बाराव्यावर स्वर 31 सेंट उतरलेला (अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर त्यातले 31), एकोणिसाव्यावर साठाच्या वर. 'सा' लावून बसलेल्याला हे टोचतं. मग पोरगं म्हणालं असतं, माझा कान खराब आहे. राग मला त्याचा येतो.

हिटलरचं थोडक्यात. 440 ची शिफारस जर्मनीत स्टुटगार्टला 1834 सालीच झाली होती, तेव्हा त्या प्रचारमंत्र्याचे आजोबाही प्रचार करत नसतील. फ्रान्सने 1859 मध्ये 435 ठरवला. 1884 मध्ये इटलीत व्हर्दी या संगीतकाराने 432 ची बाजू घेतली, हे मात्र खरं आहे आणि मेसेजवाल्याला एवढं एक वाक्य बरोबर लिहिता आलं असतं. 1939 च्या मे महिन्यात लंडनला परिषद झाली, तिथे 440 वर एकमत झालं. तिथे जर्मनीचे प्रतिनिधी होते का? होते. फ्रान्स, इंग्लंड, हॉलंड, इटलीचेही होते. यातली मला आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. इंग्रजांचा कल 439 कडे होता, पण ती मूळ संख्या. प्रयोगशाळेत स्फटिकाच्या दहा लाख हर्ट्झला भागत-गुणत प्रमाण सूर काढायचा तर 439 काही केल्या निघेना. 440 सहज निघतो, हजाराने भागा, अकराने गुणा, पंचविसाने भागा. जगाचा सूर गिअरच्या दात्यांसारखा ठरला. माग दुरुस्त करणाऱ्या कुठल्याही जॉबरला हे पटेल.

ऋषींचं मात्र थोडं सविस्तर, कारण भजनी मंडळात यावरच माना डोलल्या. हर्ट्झ म्हणजे दर सेकंदाला किती कंपनं. आपल्याकडे कालमापन घटिका-पळांत होतं. एक पळ म्हणजे 24 सेकंद. 432 हर्ट्झ म्हणजे एका पळाला 10,368 कंपनं. हा आकडा कुणाला पवित्र वाटतो का बघा. आणि मुळात आपल्या संगीताला ठरलेला 'सा' आहे कुठे? बुवा काळी एकला गातात, त्यांच्यानंतर बाई बसल्या की काळी चार. तानपुरा गळ्याप्रमाणे लावतात, गळा तानपुऱ्याप्रमाणे नाही. मेसेजमध्ये एक वाक्य तर असं आहे, की पंढरपूरच्या भोपळ्याचा तानपुरा आपोआप 432 लाच बोलतो. पंढरपूरकडचे भोपळे मिरजेला जातात, त्यांचे तानपुरे होतात, मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं, सगळं खरं. पण मिरजेला ज्या दुकानात मी माझा तो बिघडलेला तानपुरा घेऊन गेलो होतो, तिथल्या चाचांनी पहिला प्रश्न विचारला, "कुणासाठी? कुठल्या पट्टीत?" त्यावरून तारांची जाडी ठरते. पट्टी माहीत नसेल तर ते जवारीला, म्हणजे तारांखालच्या घोडीच्या घासणीलाही, हात लावेनात. 432 हा साधारण पांढरी सहाचा सूर. भजनी मंडळातल्या किती जणांचा 'सा' तिथे आहे, हे पुढच्या एकादशीला विचारणार आहे.

एक मात्र कबूल करतो, नाइलाजाने. 440 वरून 432 ला उतरलं की तारांचा ताण साडेतीन टक्क्यांच्या आसपास कमी होतो. नायलॉनच्या सहा तारा मिळून ब्रिजला साधारण चाळीस किलोने ओढत असतात, त्यातला दीडएक किलो कमी झाला. पहिली गिटार करणाऱ्याला, ज्याचा सांधा कसा बसलाय देव जाणे, हे वाईट नाही. आवाजही किंचित मऊ वाटतो. आवडला तर लावा की. पण त्याला औषध म्हणू नका आणि करवत तर मुळीच उचलू नका.

दुसरं सत्य: ब्राझीलच्या शिसमाशिवाय खरी गिटार होतच नाही, कंपन्या ते स्वतःकडे ठेवतात. ते लाकूड कुणी लपवलेलं नाही, संपत आलंय. 1992 पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आहे. आणि 2018 साली इंग्लंडच्या लँकेस्टर विद्यापीठातल्या लोकांनी हे तपासूनच पाहिलं. एकाच कारागिराकडून सहा गिटारी करून घेतल्या, बाकी सगळं सारखं, फक्त पाठ आणि बाजू वेगवेगळ्या लाकडाच्या. त्यात ब्राझीलचं शिसम होतं, आपलं भारतीय शिसम होतं, महोगनी, मेपल, अक्रोडही होतं. 52 वादकांच्या हाती त्या दिल्या, पण लाकूड दिसणार नाही अशा बेताने. गुण जवळपास सारखेच पडले. त्याच्याही आधी, 1862 मध्ये, स्पेनच्या तोर्रेस नावाच्या कारागिराने पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या करून गिटार उभी केली होती. ती बार्सिलोनाच्या संग्रहालयात आहे. तारांखालची वरची पाटी मात्र त्यानेही चांगल्या स्प्रूस लाकडाचीच लावली. बोलते ती पाटी. तेव्हा मंगळवार पेठेत वाडा पाडताना निघालेलं जुनं सागवान पाठीला लावणाऱ्या माझ्यासारख्या माणसाने लाजायचं कारण नाही.

तिसरं: लाकूड तीन दिवस गच्चीवर उन्हात टाका, सीझन होतं. सोलापुरात, एप्रिलमध्ये! वाळवायला हवं हे बरोबर, पण सावलीत, हवेशीर, मध्ये पट्ट्या घालून थर रचून. इंचभर जाडीला वर्षभर असा जुना ठोकताळा आहे. लाकूड लांबीत हलत नाही, रुंदीत हलतं. चाळीस सेंटिमीटर रुंदीची पाटी पावसाळ्यातून आमच्या उन्हाळ्यात आली तर तीन मिलिमीटरपर्यंत आकसू शकते, आणि खाली आडव्या चिकटवलेल्या पट्ट्या तिला आकसू देत नाहीत. मग ती मधोमध उभी फाटते. रात्री आवाज येतो, सुपारी फोडल्यासारखा. मी ऐकलाय. म्हणून चिकटवण्याचं काम मी कोरड्या दिवसांत करतो आणि पाटी त्याआधी पंधरवडाभर घरातच ठेवतो, कपाटावर.

चौथं, सुपरग्लूने सगळं चिकटवा. फ्रेटला, बारीक भेगेला मीही वापरतो. ब्रिजला नाही. उद्या तो काढावा लागला तर सरस गरम करून सुटतो, सुपरग्लूबरोबर पाटीचे रेषे उपटून येतात. पाचवं तारांबद्दल आहे, कुठल्याशा एका दुकानाची जाहिरात आहे, सोडून देतो.

सहावं वाचून मात्र मी ताईला फोन लावला. "शिसमाचा भुसा औषधी असतो, मास्क लावू नका, श्वासातून गुण मिळतो." लाकडाची बारीक धूळ माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्येच ती तिथे टाकली. शिसमाच्या जातीच्या लाकडांनी तर कातडीही उठते. माझ्या मनगटावर दर वेळी पुरळ येतो. आमच्या शहरात गिरण्यांत आणि मागांवर सुताचा भुगा छातीत घेऊन खोकणारी माणसं प्रत्येक गल्लीत होती. आमचे वडील त्यांतलेच. ताईलाही ते खोकणं पाठ आहे. तरी तिने हात जोडून पुढे पाठवलं. "मी शेवटपर्यंत वाचलंच नव्हतं रे," म्हणाली. भाच्याला पॉलिश पेपर हातात घ्यायच्या आधी मास्क, नाहीतर शेडचं कुलूप उघडणार नाही, हे सांगून ठेवलंय.

राहिली ती पट्टी. रागात मी ती चुलीत घालतो म्हणालो होतो. पोरगं गप्प बसून खाचांतला भुगा सुईने काढत होतं. मग चहा झाला आणि डोकं चालायला लागलं. तक्त्याने सगळीच मापं एकाच पटीने लहान केली आहेत. म्हणजे आपापसांतले हिस्से बरोबरच आहेत; चुकलाय तो फक्त ब्रिज, जो अजून चिकटवलेलाच नाही. नटापासून बाराव्यापर्यंत 319, तर बाराव्यापासून पुढे आणखी 319. गिटार 638 ची झाली, बस. बारावा फ्रेट पेटीच्या कडेवर येतो, त्यामुळे पेटीच्या हिशोबाने ब्रिज जेमतेम सहा मिलिमीटर भोकाकडे सरकला. तार दाबली की सूर किंचित चढतो, त्यासाठी दीड-दोन मिलिमीटर मागे सोडले आणि पेन्सिलने रेघ मारली.

भाचा खूश. पट्टी परत वर्तमानपत्रात गुंडाळली. रात्री घरच्या ग्रुपवर त्याचा फोटो आला, रेघ मारलेल्या पाटीसकट: "432 चा बोर्ड मामांनी पास केला." खाली ताईचे हात जोडलेले दोन इमोजी.