‘आडवं जहाज आणि नशिबाचा खेळ’: एका प्रतिक्रियेला उत्तर

‘दर्यावर्दी’ या नावाने आलेली प्रतिक्रिया खाली आहेच, पण ती लांब असल्याने सार देतो. जहाज आडवं, म्हणजे टोकाकडून नव्हे तर बाजूने पाण्यात सोडण्याच्या पद्धतीवर मी लिहिलेला लेख “व्हिडिओ बघून लिहिल्यासारखा” वाटतो, आकृती नाही, लाटेचा धोका लपवला आहे, अमेरिकेतल्या मारिनेटच्या गोदीनेही आता ही पद्धत सोडली आहे. आणि मुख्य वाक्य: “आडवं सोडलेलं जहाज उलटत नाही हे निव्वळ नशीब, ग्रेट ईस्टर्नचं काय झालं ते वाचा.”

आकृती हवी होती, मान्य. टाकतो.

पण “व्हिडिओ बघून” हे लिहिण्याआधी तुम्ही परिचयाचं पान उघडलं असतंत तर बरं झालं असतं. जलावतरणाची गणितं करण्यातच माझी नोकरी गेली. मतभेद असू द्या, तो सूर कशाला?

आता नशीब. सरळ, म्हणजे मागच्या टोकाने सोडताना उतार साधारण २० फुटांना १ फूट असतो. आडवं सोडताना तो बराच तीव्र, ८ फुटांना १ फुटाच्या आसपास ठेवतात. हे धाडस म्हणून नव्हे. अंतर थोडं असतं आणि तेवढ्यात वेग यावा लागतो. ज्या उतरत्या पट्ट्यांवरून जहाज घसरतं, त्यांच्या टोकावरून ते खाली पडतं, आधी पाण्याच्या बाजूला कलतं आणि मग परत किनाऱ्याकडे झुकतं. खरा धोका या परतीच्या झोक्यात आहे. वेग कमी पडला तर जहाज पुरेसं लांब गेलेलं नसतं आणि त्याचं बूड पट्ट्यांच्या टोकांवर आदळतं. म्हणजे तुम्हाला ज्याची भीती वाटते तो वेगच जहाजाला वाचवतो.

कलणं किती, हे आधीच काढलेलं असतं. म्हणून वजन खाली ठेवतात, गरज पडली तर तळाच्या टाक्यांत पाणी भरतात, बाजूची सगळी भोकं बंद करतात आणि आत एकही सुटी वस्तू ठेवत नाहीत. पाचरी ठोकून जहाजाचा भार कील ब्लॉकवरून (बांधताना तळाखाली असलेले ठोकळे) क्रेडलवर (जहाजासोबत घसरणारा आधाराचा सांगाडा) आणतात, मग ब्लॉक काढतात. पट्ट्यांवर आधी कडक थर, त्यावर मऊ ग्रीस. थंडीत ते घट्ट होतं, उन्हाळ्यात भाराखाली पिळून बाहेर येतं, त्यामुळे हवामान बघून मिश्रण बदलावं लागतं. शेवटी जहाज धरून ठेवणारे सगळे दोर एकाच इशाऱ्यावर तोडायचे. एक टोक आधी सुटलं की जहाज तिरकं होतं आणि क्रेडल अडकतं. यातलं नशिबावर नेमकं काय सोडलं आहे, ते सांगा.

आणि ग्रेट ईस्टर्न! टेम्सकाठी मिलवॉलला, ६९२ फुटांचं जहाज. सरळ सोडायला नदी अपुरी, म्हणून ब्रुनेल या इंग्रज अभियंत्याने ते काठाला समांतर बांधलं. उतार १२ ला १, खाली लोखंडी रूळ, क्रेडललाही लोखंडी पट्ट्या, आणि साखळ्या-रहाटांनी धरून हळूहळू उतरवायचा बेत. ३ नोव्हेंबर १८५७ ला जहाज थोडंसं सरकलं, रहाट उलटा फिरला, माणसं उडाली, जीव गेला. त्यानंतर हायड्रॉलिक जॅकने ढकलत ढकलत ते ३१ जानेवारी १८५८ ला तरंगलं. म्हणजे ते उलटलं नाही, अडकलं. लोखंडावर लोखंड घासलं की असंच होतं. तुम्ही दिलेला पुरावा तुमच्याच विरुद्ध जातो, महाशय.

उलटण्याचाच दाखला हवा असेल तर ग्लासगोला जा. ३ जुलै १८८३, ‘डॅफ्ने’. टोकाकडून, तुमच्या लाडक्या सरळ पद्धतीने सोडलेली. पाण्यात गेली आणि उलटली, १२४ माणसं गेली. मुळात स्थिरता कमी, त्यात आत कामगारांची गर्दी आणि सुटं सामान. दोष दिशेचा नव्हता. सरळ पद्धतीत मागचा भाग तरंगू लागतो तेव्हा पुढचं टोक अजून पट्टीवर असतं. सगळा राहिलेला भार एका ठिकाणी येतो आणि स्थिरता घटते. आडव्या पद्धतीत हा क्षणच नाही.

शिवाय हॉलंडमधल्या विन्स्कोटरडीपसारख्या अरुंद कालव्यावर जहाजं कालव्याच्या रुंदीहून लांब असतात. तिथे सरळ सोडून दाखवा.

लाटेचं काय, तर प्रेक्षकांना मागे उभं करायचं. १९५८ साली अमेरिकेत रिव्हर रूजला ‘एडमंड फिट्झजेराल्ड’ हे मालवाहू जहाज आडवं सोडताना लोक भिजले, जहाज धक्क्यालाही लागलं, आणि सावरलं. लपवण्यासारखं त्यात काय?

मारिनेटने एप्रिल २०२३ मध्ये ‘क्लीव्हलँड’ ही युद्धनौका शेवटची आडवी सोडली आणि ती टगला (जहाजं ओढणाऱ्या छोट्या बोटीला) धडकली, हे मलाही ठाऊक आहे. टग कुठे उभी करायची हा बंदोबस्ताचा प्रश्न आहे, पद्धतीचा नाही. पुढच्या फ्रिगेट युद्धनौकेसाठी त्यांनी शिपलिफ्ट, म्हणजे जहाज हळूच पाण्यात उतरवणारा यांत्रिक मंच, घेतली, कारण पैसा होता. सगळ्यांकडे तो नसतो. यावर पुन्हा लिहायचं असेल तर आधी मूळ लेख शेवटपर्यंत वाचून लिहा.