संस्थेचं कार्ड आणि ‘पगार झाला की भरू’

माझी भाची नुकतीच एका ग्रामीण संस्थेत हिशेबनीस म्हणून लागली आहे. काल तिने मला व्हॉट्सॲपवर फिरणारा एक मेसेज पाठवला, ‘संस्थेचं क्रेडिट कार्ड : कर्मचाऱ्यांनो, हक्क ओळखा’. खाली तिचा प्रश्न, “मामा, असं चालतं का?” अजिबात नाही. शेकडो लोकांनी तो पुढे ढकललाय म्हणून इथे लिहितोय.

सगळ्यांत घातक दावा पहिलाच आहे : ‘अडचणीत कार्ड स्वतःसाठी वापरा, बिलाच्या तारखेआधी पैसे भरा, गुन्हा होत नाही.’ भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४ काढून वाचा. त्याचं पहिलंच स्पष्टीकरण सांगतं की अप्रामाणिकपणे केलेला तात्पुरता अपहारही अपहारच. जुन्या दंड संहितेच्या कलम ४०३ मध्येही हेच होतं. त्यात नोकराने सोपवलेल्या पैशाचा अपहार केला, तर कलम ३१६ खाली ७ वर्षांपर्यंत कैद आहे. पैसे परत केले म्हणून झालेला गुन्हा पुसला जात नाही. आणि विश्वस्ताने किंवा व्यवस्थापकानेच ट्रस्टचा पैसा बिनव्याजी, बिनतारण वापरला, तर संस्थेची आयकर सवलतही धोक्यात येते. मुलींच्या वह्यांसाठी आलेली देणगी कुणाच्या फ्रिजमध्ये पंधरा दिवस तरी का अडकावी?

दुसरा दावा, ‘स्टेटमेंट असलं की बिल लागत नाही.’ स्टेटमेंटवर दुकानाचं नाव आणि रक्कम दिसते. किराणा दुकानात २,३४० रुपये गेले, हे कळलं. पण ते शिबिराच्या तांदळाचे की घरच्या काजूंचे, हे ऑडिटरने कसं ओळखायचं? संस्थेच्या नावाचं बिल हवं, व्हाउचरवर कशासाठी खर्च केला ते हवं, आणि मंजुरीची सही कार्ड वापरणाऱ्याची नको, दुसऱ्याची हवी.

रिवॉर्ड पॉइंट ‘कार्ड ज्याच्या खिशात त्याचे’? बिल संस्था भरते, पॉइंट संस्थेचे. पिन सगळ्या टीमला देऊन ठेवण्याचा सल्ला तर वाचवतही नाही.

रोखीपेक्षा कार्ड बरं, एवढं मात्र त्या मेसेजमध्ये बरोबर आहे. एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांहून जास्त रोख दिली, तर आयकराच्या हिशेबात तो खर्च संस्थेच्या कामावरचा धरत नाहीत. कार्डाची नोंद आपोआप राहते, हेही खरं.

घाईत चुकून संस्थेचं कार्ड पुढे केलं गेलंच, तर त्याच दिवशी खजिनदारांना लेखी कळवायचं, रक्कम संस्थेच्या खात्यात भरायची आणि भरल्याची पावती त्या व्हाउचरला जोडायची. भाचीला हेच सांगितलंय.