जरा केस सारखे करू द्या

चित्रांचे विषय कोठे सापडतात, या प्रश्नाचे उत्तर चित्रकार सोडून बाकी सर्वांना ठाऊक असते. ते आजूबाजूला सापडतात, रोजच्या साध्या जगण्यात. हे सांगणाऱ्यांपैकी कोणी वही उघडून भर मंडईत उभे राहिल्याचे मी अजून पाहिलेले नाही. थोरांचे दाखले देण्यात मात्र ही मंडळी कसूर करत नाहीत. शि. द. फडणीसांनी १९५२ साली 'मोहिनी'च्या दिवाळी अंकासाठी केलेल्या मुखपृष्ठावर बसथांब्यावरच्या तरुणाच्या शर्टावर मांजरे आहेत आणि तरुणीच्या साडीवर उंदीर. एवढ्यावरच सारे चित्र उभे आहे आणि त्याला एका शब्दाचीही गरज पडलेली नाही. बसथांब्यांवर मी आजवर जितका काळ घालवला आहे, त्या मानाने मला निदान एखादा उंदीर तरी मिळायला हवा होता. मला मिळते ती बस, आणि तीही रेखाटन अर्ध्यावर आले की लगेच; एरवी नाही.

आर. के. लक्ष्मण यांचे कावळ्यांवरचे प्रेम सर्वश्रुत आहे. त्यामागचे शहाणपण मला उशिरा उमगले. कावळा आपले नाक लांब आल्याची तक्रार करत नाही आणि आपल्या रंगाबद्दल त्याला काडीचाही संकोच नसतो. मारिओ मिरांडा तरुणपणी चित्रांची रोजनिशी ठेवत आणि तीत गोव्यातली आजूबाजूची माणसे उतरवत. त्या माणसांना ती वही वेळेवर पाहायला मिळाली नसावी, असा माझा कयास आहे.

रोजचे आयुष्य हलते, हे एक वेळ सोसता येते. लोकलमध्ये पेंगणाऱ्या गृहस्थाची मान कोणत्या खांद्यावर कलेल याचा अंदाज सरावाने येतो आणि तो मुलुंडला खडबडून उतरून गेलाच, तर त्याचे पाय मागाहून आठवणीने पुरे करता येतात. सोसवत नाही ते हे, की आपले चित्र निघते आहे असा सुगावा लागताक्षणी रोजचे आयुष्य रोजचे राहतच नाही. घोरणारा माणूस जागा होऊन भांग पाडतो, पाय पसरून मटार सोलणाऱ्या काकू मुलगी पाहायला पाहुणे आल्यासारख्या सावरून बसतात, आणि ज्याचा या प्रकाराशी काहीही संबंध नाही असा एक इसम माझ्या खांद्यावरून वहीत डोकावत, आपला भाचा गणपती फार सुंदर काढतो, ही माहिती देतो. (प्रत्येक डब्यात असा एक मामा असतोच.) घरी ओटा रेखाटायला बसलो, तर ज्या पसाऱ्यासाठी मी बसलो होतो तोच आईने आधी आवरून टाकला, मिसळणाचा डबा घासून लख्ख केला आणि वर बजावले, "छापून येणार आहे ना ते? मग लोक काय म्हणतील?"

मंडईतल्या भाजीवाल्या मावशींपुढे तर माझे काहीच चालले नाही. मला हवा होता तो त्यांचा वैताग, कानाचा तुटलेला कप आणि गिऱ्हाइकाकडे न बघता मेथीची जुडी भिरकावण्याची ढब. त्यांनी वही पाहिली मात्र, कप गोणपाटाखाली गेला, मेथीवर पाणी शिंपडले गेले, पदर नीट खोचला गेला आणि चेहऱ्यावर असे काही समाधान पसरले की ते पाहून कोणीही भाव करण्याचे धाडस केले नसते. "दादा, जरा केस सारखे करू द्या," त्या म्हणाल्या, "आणि टोमॅटो चांगले मोठे काढा." मी निमूटपणे काढले, आणि तिथे इतका वेळ उभे राहिल्याच्या भिडेपोटी, घरी कोणीही खात नसलेली कारली घेऊन निघालो.

चित्र पाहून संपादकांचा फोन आला. रेषा उत्तम आहे, परंतु भाजीवाली फार नटलेली वाटते, तेव्हा एकदा प्रत्यक्ष मंडईत जाऊन पाहावे, अशी त्यांनी नम्र सूचना केली. मावशींनी मात्र तेच चित्र हात लांब धरून बराच वेळ न्याहाळले आणि बाकी सगळे ब्येस आहे, फक्त टोमॅटो अजून बारीकच आलेत, असा निर्णय दिला.