फ्रिज माझा, भांडं काकांचं

निफाड तालुक्यातल्या कुठल्याशा घरात आज सकाळी मिक्सरच्या कोऱ्या करकरीत भांड्यात शेंगदाण्याची चटणी वाटली गेली असणार. शेंगदाणे त्यांचे, तिखट त्यांचं, भांडं माझ्या पैशाचं. त्या घरातल्या कुणालाही मी ओळखत नाही. ओळख वाढवायची इच्छाही नाही.

आमचा जुना फ्रिज गेला. मेकॅनिकनं मागचा भाग दोन मिनिटं न्याहाळून "कॉम्प्रेसर" एवढंच म्हटलं आणि तपासणीचे तीनशे घेतले. म्हणून शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघं नाशिकच्या एका तीन मजली दुकानात. निघतानाच नवऱ्यानं सांगून टाकलं होतं, "भाव तू कर. मी गाडीपाशी थांबतो." भाजीवाल्याकडे मी कोथिंबिरीची जुडी वर मागितली तरी हा माणूस चार पावलं मागे सरकून माझ्याशी आपला काही संबंध नसल्यासारखा पालकाकडे बघत राहतो. दुकानदाराचा भाव पडायच्या आधी ह्याचा चेहरा पडतो.

फ्रिज दोन दारांचा, 260 लिटरचा. खोक्यावर छापील किंमत 39,990. दारावर चिकटवलेल्या लाल कागदावर 31,500. मी विचारलं, "मग हे चाळीस हजार कोणासाठी?" कंपनीचा टीशर्ट घातलेला सेल्समन म्हणाला, "ते एमआरपी, मॅडम." जणू ते आडनाव आहे. कायदा एवढंच सांगतो की वेष्टनावर सर्व करांसह कमाल किंमत छापलेली असली पाहिजे आणि तिच्यावर एक रुपया घेता येणार नाही. खाली कितीलाही विका. त्यामुळे कंपन्या असा आकडा छापतात, जो आजवर कोणी दिलेला नाही आणि कोणी देणारही नाही. त्याला आयुष्यात एकच काम, त्याच्यावर काट मारली जाणं.

मी अभ्यास करून गेले होते. "जीएसटी कमी झालाय ना 2025 च्या सप्टेंबरात?" असं जरा जोरात म्हणाले, म्हणजे शेजारच्या गिऱ्हाइकांनाही ऐकू जावं. सेल्समन हसला. हे वाक्य त्याला रोज ऐकावं लागत असणार. "तो एसीचा, मॅडम. मोठ्या टीव्हीचा आणि डिशवॉशरचा. 28 चा 18 झाला. फ्रिज 2018 पासून 18 मध्येच आहे." हे खरं होतं. खरं असल्यामुळे जास्त लागलं. मग मी दारावरच्या वीजबचतीच्या ताऱ्यांकडे वळले, तर त्यानं 2023 मध्ये निकष कसे कडक झाले आणि तेव्हाचे पाच तारे आता कसे पाच राहिले नाहीत, ह्यावर व्याख्यान दिलं. ते संपेपर्यंत मी काय विचारलं होतं तेच मी विसरले.

मग कॅल्क्युलेटर आला. भाव तोंडानं सांगायचा नाही, अशी ह्या मंडळींना शपथ असते. त्यानं खिशातून कॅल्क्युलेटर काढला, इकडेतिकडे पाहिलं, काहीतरी बडवलं आणि तळहाताचा आडोसा करून पडदा माझ्याकडे फिरवला. 30,800. "फक्त तुमच्यासाठी. कोणाला सांगू नका." माझे आजोबा बैलबाजाराच्या गोष्टी सांगायचे. तिथं दलाल आणि शेतकरी उपरण्याखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबायचे. किती बोटं दाबली त्यावर शेकडा ठरायचा, आणि भोवती शंभर माणसं उभी असली तरी भाव दोघांनाच कळायचा. आता उपरणं गेलं आणि चायना मेड कॅल्क्युलेटर आला, एवढाच काय तो विकास. फरक म्हटला तर बैलबाजारात दोघांची बोटं चालायची. इथं माझ्या बोटाला त्या बटणांपाशी मज्जाव.

आणखी एक गोष्ट. आकडा दाखवून झाल्यावर तो म्हणाला, "बाहेर साहेबांना एकदा विचारून घ्या." साहेब तेव्हा बाहेर गाडीला टेकून शेंगा खात होते.

"ताई, हा आकडा नका धरू. अजून पाणी आहे ह्याच्यात."

आवाज वॉशिंग मशीनच्या खोक्याकडून आला. खोक्यावर एक काका बसले होते. पांढरी टोपी, पायजमा, मांडीवर कापडी पिशवी. ते तिथं कधीपासून होते, कोण जाणे. सेल्समननं मला विचारलं, "तुमच्याबरोबर आहेत का?" मी नाही म्हणायच्या आत काका उठलेसुद्धा. "घरचीच आहे," म्हणाले. आणि फ्रिजकडे आले.

मिक्सरच्या फुटक्या भांड्याचं झाकण बदलून मिळतं का, एवढंच विचारायला ते आले होते, हे मला मागाहून कळलं. झाकण सुटं मिळत नव्हतं, बसला अवकाश होता आणि दुकानात एसी चालू होता. अख्खी नोकरी त्यांनी एसटीत कंडक्टर म्हणून काढलेली. "तिकिटाचा भाव कधी कोणाला करू दिला नाही मी," ते मला म्हणाले. "आता रिटायर झालोय. आता आपण करायचा."

त्यांनी फ्रिजचं दार उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. भाजीचा कप्पा ओढला. वरच्या दारावर बोटाच्या पेरानं टकटक केली. मग एकदम वाकले. "हा ओरखडा."

"काका, ती फिल्म आहे. प्लॅस्टिकची. घरी गेल्यावर सोलून काढायची."

"म्हणजे सोलायचं कामही आमच्याच अंगावर?"

सेल्समन गप्प झाला. ह्याला काय उत्तर द्यायचं, ते कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं नसावं.

"आवाज येतो का?"

"येत नाही, काका. सायलेंट आहे."

"मग चालू आहे का बंद, हे माणसाला कळायचं कसं?"

मी मधे पडायचा प्रयत्न केला. "काका, मी बघते..." त्यांनी तिकिटं फाडणाऱ्या माणसाच्या सवयीनं हात वर करून मला मागे थांबवलं, मागून येणाऱ्यांनी पुढे सरकू नये म्हणून करतात तसा. "मालकांना बोलवा," ते म्हणाले. आणि आश्चर्य म्हणजे मालक आले. मी अर्धा तास उभी होते, तोवर मालक गल्ल्यावर बसून मोबाइल बघत होते. पांढऱ्या टोपीला मात्र ते उठून आले.

"शेट, शेवटचं बोला."

"काका, एमओपीच्या खाली कंपनी जाऊ देत नाही हो."

"ही कोण?"

"मार्केटचा रेट म्हणतात त्याला."

इथं काकांचा आवाज बदलला. चेष्टा गेली. "मार्केटचा रेट मला नका सांगू, शेट. लासलगावला मी ट्रॅक्टर भरून कांदा नेतो. तिथं माझ्या मालाचा भाव व्यापारी बोलतो. मी ट्रॉलीवर नुसता उभा. इथं फ्रिज घ्यायला आलो, तर इथंही भाव व्यापारीच बोलतो. मी कधी बोलायचं?"

टीव्ही विभागातली माणसंसुद्धा वळून बघायला लागली. भिंतीवरच्या टीव्हींवर क्रिकेट चाललं होतं, ते कोणी बघेना. मला खरंच काहीतरी झालं. गेल्या आठवड्यात मी कांदे घेताना दोन रुपयांवरून हुज्जत घातली होती, ते आठवलं. मालकांनी मान खाली घातली, कॅल्क्युलेटर न काढता तोंडानं म्हणाले, "साडेएकोणतीस."

"आणि पाचशे सोडा."

"काका..."

"नाहीतर वर काहीतरी द्या."

मालकांनी कपाटातून भिंतीवरचं घड्याळ काढलं. त्याच्या तबकडीवर कंपनीचं नाव आकड्यांपेक्षा मोठं होतं. काकांनी ते हातानं बाजूला सारलं, पिशवी उघडली आणि फुटकं भांडं काउंटरवर ठेवलं. "हे द्या. ह्याच मापाचं. चटणीचं."

मालक भांड्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळले, कारण पैसे मी देणार, हे तेवढ्यात त्यांना आठवलं असावं. "मॅडम, बोला मग. पाचशे कमी करू, का भांडं?"

"भांडं," काका म्हणाले.

आता कोणी म्हणेल, तू का नाही बोललीस? बोलून दाखवा तुम्ही. लासलगावच्या ट्रॉलीवर उभा राहिलेला शेतकरी सगळ्या दुकानाच्या डोळ्यांपुढे उभा आहे आणि त्याच्याविरुद्ध पाचशे रुपयांसाठी तोंड उघडायचं! नेमका त्याच क्षणी नवरा शेंगांची टरफलं खिशात कोंबत आत आला. त्यानं काकांना दोन्ही हातांनी नमस्कार केला आणि "तुमच्यामुळे झालं" म्हणाला. काय झालं, हे त्याला माहीतही नव्हतं. काकांनी भांडं खोक्यातून काढून प्रकाशात धरलं, रबर तपासलं, झाकण बसवून पाहिलं. मला म्हणाले, "ताई, आपलं माणूस बरोबर असलं की बरं असतं." आणि सव्वासातची निफाड गाठायला निघून गेले.

घरी नवऱ्याचा हिशोब असा, की 30,800 चे 29,500 झाले, म्हणजे काकांनी आपले तेराशे वाचवले आणि साडेसातशेचं भांडं नेलं, तरी आपण फायद्यातच. हिशोब बरोबर आहे. हिशोब बरोबर असलेल्या माणसाशी भांडता येत नाही, ह्याचाच मला राग आहे.

पण माझा खरा राग काकांवर नाहीच. बिल करताना माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक नवीन लग्न झालेलं जोडपं बसलं होतं. तोच फ्रिज, तोच रंग. त्यांनी लाल कागद वाचला, एकमेकांकडे पाहिलं आणि हो म्हणाले. 31,500, हप्त्यावर. त्यांना बसायला खुर्ची, थंड पाणी आणि "अभिनंदन, मॅडम". मी दोन हजार कमी दिले, म्हणून मला बसायलाही कोणी सांगितलं नाही. "झिरो कॉस्ट ईएमआय आहे," सेल्समन त्यांना सांगत होता, "फक्त प्रोसेसिंग फी." शून्य टक्के व्याज अशी काही चीजच अस्तित्वात नसते, असं रिझर्व्ह बँकेनं 2013 मध्ये बँकांना लिहून कळवलं होतं. तेव्हापासून शब्द तेवढा बदलला. त्या मुलाला हे सांगावं असं फार वाटलं. पण मग मीही खोक्यावर बसलेली काका झाले असते.

म्हणजे माझे दोन हजार कोणी सोडले? मालकांनी? मालक कशाला सोडतील? ज्यांना विचारायची लाज वाटते, ज्यांना माहीतच नाही की विचारायचं असतं, दिवसभराची ड्युटी करून आल्यावर ज्यांच्यात नाटक करायची ताकद उरत नाही, त्यांच्याकडून ते वसूल होतात. आणि ह्याला आपण गिऱ्हाइकाची हुशारी म्हणतो, हळदीकुंकवाला एकमेकींना "मी केवढ्याला आणला, ओळख" म्हणून विचारतो. मला हुशार व्हायचं नाहीये. मला फ्रिज हवा होता. पूर्वी पुण्यातल्या दुकानांतल्या "एकच भाव, घासाघीस करू नये" ह्या पाट्यांना मी भरपूर हसले आहे. हल्ली मला त्या पाट्या प्रेमळ वाटू लागल्या आहेत. निदान तुमचा चेहरा बघून तिथला आकडा बदलत नाही.

सोमवारी दुपारी फ्रिज आला. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. दोघांनी तो पट्ट्यानं पाठीवर घेतला आणि पहिल्या मजल्यावर पोचल्यावर पुढचा म्हणाला, "मॅडम, जिन्याचे वेगळे. तीनशे."

"डिलिव्हरी फ्री आहे म्हणून बिलावर लिहिलंय."

"डिलिव्हरी फ्रीच आहे. जिना नाही."

मी दोनशे म्हणाले. तो काही बोलला नाही, फ्रिज त्याच्या पाठीवर होता. तेवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी दार उघडलं, चष्मा सावरला आणि माझ्या मदतीला धावून आल्या. "अहो, तीनशे कसले! आमच्या वॉशिंग मशीनला दीडशे घेतले होते. दीडशेच्या वर एक रुपया देऊ नका."

मागच्यानं मान वळवून वहिनींच्या उघड्या दाराकडे पाहिलं.

"मग इथंच उतरवू का, मॅडम? दीडशेत इथंवरच येतो."