बरा झालेला माणूस अनफिट कसा?

आज दुपारी आमच्या वाडीतल्या एका मुलाचा गल्फच्या मेडिकलचा रिपोर्ट आला. अनफिट. का, तर छातीच्या फोटोत डाग. कॉलेजात असताना त्याला टीबी झाला होता. सहा महिने गोळ्या खाल्ल्या, पूर्ण बरा झाला, तसा सरकारी दवाखान्याचा कागद घरात आहे. वेल्डिंग शिकला, एजंटला पैसे भरले, बॅगसुद्धा घेऊन ठेवली होती. आणि वाडीच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, "बरोबरच आहे, ते लोक आपला देश सांभाळणारच." तेव्हापासून डोकं तापलंय माझं.

अहो, डाग म्हणजे आजार नव्हे. जखम भरली की वण राहतो, तसा तो फुप्फुसावरचा वण. त्याने कोणाला काही होत नाही. पण आखातातल्या सहा देशांच्या मेडिकलला, म्हणजे आता वाफिद झालं तरी आपण ज्याला अजून गमकाच म्हणतो त्याला, चालू टीबी आणि बरा झालेला टीबी सारखाच. वण दिसला की दार बंद.

मला सारखा माझा मामेभाऊ आठवतोय. एसी दुरुस्तीच्या कामावर बरीच वर्षं तिकडे होता. जाताना फोटो स्वच्छ होता त्याचा, फिट म्हणूनच गेला. तिथे कॅम्पातल्या एका खोलीत एकावर एक पलंग, खिडकी कायम बंद. व्हिसाच्या नूतनीकरणाच्या तपासणीत टीबी सापडला. लगेच परत पाठवला. शेवटचा पगार राहिला तो राहिलाच. हातात पासपोर्ट होता, पण गोळ्या नव्हत्या, रिपोर्ट नव्हता, पुढे काय करायचं ते सांगणारी एक ओळ नव्हती.

प्रत्येक देशाला सीमेवर तपासणी करायचा हक्क आहे, मान्य. जगातल्या टीबी रुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा आपल्या देशात आहे, हेही मान्य. तपासा ना! पण कशासाठी तपासताय? ब्रिटनला सहा महिन्यांहून जास्त राहायला जाणाऱ्यांचाही इथे फोटो काढतात. शंका आली तर थुंकी तपासतात, टीबी निघाला तर उपचार पूर्ण करून या म्हणतात. कॅनडा जुना डाग असलेल्याला येऊ देतो, फक्त पोहोचल्यावर ठरावीक दिवसांत तिथल्या आरोग्य विभागाला भेटायला लावतो. ह्याला मी पाळत ठेवणं म्हणेन. माणूस नजरेखाली राहतो आणि कामही करतो. सापडला की विमानात बसवून द्यायचा, ह्यात आरोग्य कुठे आलं? अमेरिकेने एचआयव्ही असलेल्यांना १९८७ पासून २०१० च्या जानेवारीपर्यंत दार बंद ठेवलं होतं. थांबला का तिथे एचआयव्ही?

भावाचं पुढे काय झालं ते ऐका. मुंबईला उतरला, कोणी काही विचारलं नाही. जिथे आजार सापडला तिथून इथल्या दवाखान्याला अक्षरही आलं नव्हतं. घरी सांगितलं, कंपनी बंद पडली. लाजेपोटी. बाहेरून रोग घेऊन आला म्हणतील, पोरीच्या लग्नात आडवं येईल... आणि पोर तेव्हा बालवाडीत. महिनोन्‌महिने खोकत राहिला. शेवटी मामीने आशाताईंना हाक मारली. थुंकी पॉझिटिव्ह. आणि पोरीच्या मानेवर गाठ, तीही टीबीचीच.

ज्यांनी रोग शोधला त्यांनी तो थांबवला नाही. फक्त आमच्या मामीच्या घरात पोहोचवला. हे लिहिताना आत्ताही हात थरथरतोय.

आपण तरी काय वेगळे वागलो? २०२० ला मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांना गावच्या वेशीवर अडवलंच ना आपण? ज्यांच्या मनीऑर्डरींवर गावं जगली त्यांना? भीती खरी होती, नाही म्हणत नाही. पण कोणाची तपासणी होते आणि कोणाची अब्रू जाते, ते नीट बघा. साहेब लोकांच्या वाट्याला हे फार कमी येतं.

भाऊ आज बरा आहे. पोरगीही बरी आहे, चांगली तडतडी झालीय. त्या आशाताई गोळ्या घ्यायला स्वतः समोर बसायच्या, भावाशी एक शब्द उणा बोलल्या नाहीत. औषधं फुकट मिळाली. पोषणासाठी सरकार तेव्हा महिन्याला ५०० रुपये द्यायचं, आता १००० देतं. म्हणजे आपल्याकडे यंत्रणा आहे. परत पाठवलेल्या माणसाचं नाव तिच्यापर्यंत पोहोचवायचं, एवढंच राहिलंय. दूतावासाने कळवावं, विमानतळावर कोणी तरी शांतपणे विचारावं, जिल्हा क्षयरोग केंद्राला फोन जावा. ह्याला काय मोठा खर्च येणार आहे?

घरातलं कोणी असं अचानक परत आलं असेल तर त्याला खोदून विचारू नका. खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या. टीबी निघाला तर घरातल्या सगळ्यांची तपासणी आणि लहान मुलांना प्रतिबंधक गोळ्या, हे मागूनच घ्या.

आणि वाडीतल्या त्या मुलासाठी विचारतेय. बऱ्या झालेल्या टीबीचा डाग असून कोणाला फेरतपासणीत फिट मिळालंय का? कुठले कागद लागले, जुने फोटो चालले का, ते कमेंटमध्ये सांगा. एजंटांनी कृपया लिहू नये. त्याचे सगळे रिपोर्ट घेऊन उद्या सकाळी आम्ही रत्नागिरीला डॉक्टरांकडे जातोय.