अकरा महिन्यांचा भाचा

पहिल्या तारखेखेरीज घरमालक काका आमच्याकडे आले की समजायचं, एक तर खालच्या फ्लॅटमध्ये पाणी झिरपतंय किंवा भाडं वाढतंय. परवा आले ते यातलं काहीच न बोलता सोफ्याच्या कडेला टेकले आणि हळूच म्हणाले, "महापालिकेचा माणूस येणारे. त्यानं विचारलं तर सांगा, तुम्ही माझे भाचे."

माझे खरे मामा औशाला असतात. ते मला गाढवा म्हणतात आणि भाडं घेत नाहीत.

प्रकरण ४० टक्क्यांचं होतं. पुण्यात मालक स्वतः घरात राहत असेल तर मिळकतकरात ४० टक्के सवलत मिळते. १९७० पासूनची ही सवलत मध्ये काही वर्षं गेली होती, २०२३ मध्ये परत आली. भाडेकरू ठेवला की मात्र ती मिळत नाही. काका राहतात बावधनला मुलाकडे, आणि कर्वेनगरच्या या फ्लॅटबद्दल 'मी इथेच राहतो' असा पीटी-३ अर्ज भरून मोकळे झालेले.

"आणि सवलत गेली तर?" मी विचारलं.

"तर मग भाड्याचं बघावं लागेल."

मी तत्क्षणी भाचा झालो.

तशी मला रूपं बदलायची सवय आहे. कायद्याने मी भाडेकरूसुद्धा नाही, 'लायसेन्सी' आहे. माणसं गाडीचं लायसेन्स काढतात, बंदुकीचं काढतात. मी अंघोळ करण्याचं आणि वरण-भात खाण्याचं काढलंय, अकरा-अकरा महिन्यांचं. सोसायटीच्या लेखी मी 'टेनंट' आहे, म्हणजे लिफ्ट बिघडली की ज्याच्याकडे बघायचं तो. माझ्यामुळे काकांना सोसायटीला 'नॉन-ऑक्युपन्सी चार्ज', म्हणजे स्वतः न राहता घर दुसऱ्याला दिल्याचं शुल्क, द्यावा लागतो. सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त तो घेता येत नाही, असा शासनाचा २००१ चा आदेश आहे. सेक्रेटरींना हा आदेश मी एकदा दाखवला होता. तेव्हापासून माझ्या स्कूटरला पार्किंग नाही.

पहिल्या वर्षी काका म्हणाले होते, "नोंदणी वगैरे कशाला? अकराच महिने तर आहेत. स्टॅम्प पेपरवर लिहून टाकू." अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, ही समजूत आपल्याकडे पिढीजात आहे. वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, हे १९०८ च्या नोंदणी कायद्यात आहे. त्यातून एक महिना चोरून लोकांनी अकरा केले. महाराष्ट्रात ही चोरी चालत नाही. भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५: करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. नाही नोंदवला तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते खरं, मालकाने ते खोटं ठरवेपर्यंत.

हे मी काकांना वाचून दाखवत असताना बायको आतून म्हणाली, "मग नकोच ना नोंदवायला! आपण म्हणू, भाडं दोन हजार ठरलं होतं."

दुसऱ्या दिवशी काका स्वतः एजंटाला घेऊन आले.

तो लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन येतो. दस्त घरबसल्या होतो, अंगठा घरबसल्या होईलच असं नाही. काका बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. लोकांच्या सह्या जुळत नाहीत म्हणून त्यांनी आयुष्यभर चेक परत पाठवले. त्यांचा स्वतःचा अंगठा यंत्राने सात वेळा परत पाठवला. पुसून झाला, फुंकर मारून झाली, केसांवरून फिरवून झाला. केस नव्हतेच फारसे, मग एजंटाने माझे दिले. असे दोन पदवीधर अंगठेबहाद्दर अर्धा तास एकमेकांच्या डोक्याशी झटत होते. शेवटी बायकोने खोबरेल तेलाची बाटली आणली आणि आठव्यांदा सरकारने काकांना ओळखलं.

मुद्रांक शुल्क पाव टक्का, शहरात नोंदणी फी १,००० रुपये, आणि एजंटाचे त्याला वाटतील तेवढे. पाव टक्का नुसत्या भाड्यावर नाही हं. डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून तेही त्यात मिळवतात. त्या व्याजाचं तोंड मी आजवर पाहिलेलं नाही. शासनाला ते दिसतं.

इतकं करून मिळवलेलं लायसेन्स, आणि आता म्हणे भाचा व्हा. रात्री झोप येईना. भाडेकरूचं पाणी, वीज, जिन्यातला दिवा मालकाला सबळ कारणाशिवाय तोडता येत नाही, कलम २९ आहे. भाच्याला कुठलं कलम? मामा-भाच्याच्या नात्यात जुना दाखला म्हणजे कंसाचा. बरं, मुदतीनंतर लायसेन्सी राहिला तर दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते हे खरं. पण मामाकडे मुक्काम लांबला तर निदान आमरस मिळायला हवा. काकांनी आजवर चहाही आमच्याकडेच घेतलाय.

बायकोची अडचण वेगळी होती. "अहो, त्यांना 'मामा' म्हणायचं की 'मामंजी'?"

"कमी बोल."

तो माणूस आला. तरुण, घामाघूम, हातात टॅब. त्याच्या मागोमाग काका, घरचे कपडे वाटावेत म्हणून लेंगा घालून आलेले.

"इथे कोण राहतं?"

"मी," काका म्हणाले. "हा भाचा. शिकायला आहे."

मी बेचाळीस वर्षांचा आहे. त्याने माझ्या कानशिलांकडे पाहिलं.

"म्हणजे यांच्या आई तुमच्या बहीण?"

"चुलत," काका म्हणाले आणि त्याच वेळी मी "सख्ख्या" म्हणालो.

"काका, पाणी घेता?" बायको बाहेर आली. मग जीभ चावून, "म्हणजे, मामा."

तरीही निभावलं असतं. तरुणाला टॅबवर टिक करून पुढची बिल्डिंग गाठायची होती. तो वळला, तेवढ्यात काकांची नजर हॉलच्या भिंतीवर गेली. तिथे आमचं नवं घड्याळ होतं.

"अहो! तुम्ही खिळा ठोकलात?"

"एकच, बारीक..."

"करारात अट आहे! भिंतीला खिळा ठोकायचा नाही, अट क्रमांक चौदा! तीन वेळा सही केलीत तुम्ही त्यावर!"

खोलीत फक्त घड्याळ बोलत होतं.

"मामा," तो तरुण टॅबवर काहीतरी टिपत म्हणाला, "तुमच्याकडे भाच्यांशी करार करतात?"

तो गेल्यावर काका बराच वेळ भिंतीसमोर उभे होते. मग त्यांनी बोटाने खिळा हलवून पाहिला.

"हलतोय," ते म्हणाले. "ठोकलाच आहे तर नीट ठोका. घड्याळ पडलं तर फरशीचे पैसे डिपॉझिटमधून कापीन." आणि चपला घालताना, माझ्याकडे न बघता, "चहा नाही का केला आज?"