बूट लोडर बिघडला म्हणून फॉरमॅट करू नका

सोलापुरातल्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरतोय: 'ऑपरेटिंग सिस्टिम सापडत नाही असं स्क्रीनवर आलं की हार्ड डिस्क गेली. डेटा गेलाच समजा. फॉरमॅट हाच इलाज. स्वतः कमांड दिल्यात तर उरलंसुरलंही पुसलं जाईल.' अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरी-टॉवेलांची जकार्ड डिझाइनं वर्षानुवर्षं एकाच पीसीवर ठेवणारी माणसं हे वाचून घाबरतात आणि फॉरमॅटला हो म्हणून मोकळी होतात. मला त्याचीच काळजी वाटते.

आधी 'डिस्क गेली' हे पाहू. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये, डिस्कचं नाव दिसतंय, टकटक आवाज नाही, तर पहिला संशय बूट लोडरवर, म्हणजे मशीन सुरू होताना विंडोज उघडून देणाऱ्या छोट्या प्रोग्रामवर, घ्यावा. अपडेट चालू असताना वीज गेली तरी तो बिघडू शकतो. आवाज येत असेल तर मात्र मशीन लगेच बंद करा आणि डेटा काढून देणाऱ्या जाणकाराला गाठा.

'डेटा गेलाच' हे तर साफ चूक. जुन्या एमबीआर पद्धतीत डिस्कच्या पहिल्या 512 बाइटांपैकी 446 बाइट सुरुवातीच्या कोडचे आणि 64 पार्टिशन टेबलचे, म्हणजे डिस्कच्या भागांच्या यादीचे. बायोसच्या जागी आलेली यूईएफआय पद्धत असलेल्या नव्या मशीनवर बूट लोडर वेगळ्या ईएफआय पार्टिशनमध्ये असतो. विंडोज ते बहुधा 100 एमबीचं करते. तुमची डिझाइनं, टॅलीचे हिशेब तिथे नसतातच. खात्री हवी तर उबुंटू या मोफत लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करा, 'ट्राय उबुंटू' निवडा, फोल्डर उघडा आणि सगळं बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कवरचं कुलूप, चालू असेल तर 48 अंकी रिकव्हरी की लागेल. ती नसेल तर फाइली उघडणार नाहीत.

फॉरमॅट हा इलाज नव्हे. बहुतेकांच्या फाइली डेस्कटॉपवर, म्हणजे सी ड्राइव्हमध्येच असतात आणि फॉरमॅटमध्ये नेमका तोच पुसला जातो. त्याऐवजी विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरून 'रिपेअर युवर कॉम्प्युटर'मध्ये जा. आधी स्टार्टअप रिपेअर करून पाहा. जमलं नाही तर कमांड प्रॉम्प्टमध्ये 'बीसीडीबूट सी:\विंडोज' द्या. बूटच्या फाइली नव्याने लिहिल्या जातात. तिथे ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात, म्हणून विंडोज फोल्डर कुठल्या अक्षराखाली आहे ते फोल्डरांची यादी दाखवणाऱ्या 'डीआयआर' कमांडने आधी बघा. लिनक्सवाल्यांना हेच काम 'ग्रब-इन्स्टॉल'ने करता येतं.

कमांडच्या भीतीत मात्र थोडं तथ्य आहे. 'बूटरेक /फिक्सएमबीआर' फक्त सुरुवातीचा कोड लिहितो, पार्टिशन टेबलला हात लावत नाही. पण 'डिस्कपार्ट' या विंडोजच्या डिस्क-साधनातलं 'क्लीन' पार्टिशनची सगळी मांडणीच पुसतं. ईएफआय पार्टिशन फॉरमॅट करायला सांगणाऱ्या व्हिडिओंमागे जाऊन चुकीचा क्रमांक निवडला, तर भलतंच पार्टिशन रिकामं होतं. म्हणून कॉपी आधी, कमांड नंतर.

आणि मशीन दुकानात देणार असाल, तर 'न विचारता फॉरमॅट करू नये' एवढं पावतीवर लिहून घ्या.